मूल कशाने दगावले? गरीब देशांतील बालमृत्यूंच्या कारणांचा शोध

जगात दरवर्षी पाच वर्षांखालील किती बालके मृत्युमुखी पडतात, या प्रश्नाला आज बऱ्यापैकी विश्वासार्ह उत्तर उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ साली ही संख्या सुमारे ४९ लाख होती आणि त्यांपैकी सुमारे २३ लाख बालकांना आयुष्याचा पहिला महिनाही पुरा करता आला नाही. १९९० साली हाच आकडा सव्वा कोटीच्या घरात होता. तीन दशकांतील ही घट मोठी आहे. मात्र ही बालके नेमकी कशाने दगावली, हा पुढचा प्रश्न विचारला की उत्तर डळमळू लागते.

याचे कारण साधे आहे. यांतील बहुतांश मृत्यू सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात होतात. तेथे कित्येक बालके घरातच प्राण सोडतात. डॉक्टरांनी त्यांना तपासलेले नसते, रक्ताची चाचणी झालेली नसते आणि एक-दोन दिवसांत दफनही उरकलेले असते. 'ताप आला होता' एवढीच काय ती नोंद मागे राहते. गोव्यात अर्भकमृत्यू दर एक आकडी आहे आणि जवळपास प्रत्येक मृत्यूला डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कारण असते. भारताचा विचार केला तर २०२० साली नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंनाच असे वैद्यकीय कारण लाभले होते. गरीब देशांतील खेड्यांची स्थिती याहूनही बिकट आहे.

कारण चुकले की उपायही चुकतो. कोणती लस आधी आणावी, आरोग्य केंद्रात कोणते औषध ठेवावे, प्रसूतिगृहावर खर्च करावा की मच्छरदाण्यांवर, हे सारे निर्णय मृत्यूच्या कारणांवर अवलंबून असतात. म्हणूनच गेल्या काही दशकांत या शोधाचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे.

आप्तांच्या आठवणींतून कारण

या शास्त्राची पहिली पायरी म्हणजे मौखिक शवपरीक्षा. पंजाबमधील नारंगवाल येथे जो ग्रामीण आरोग्य प्रकल्प चालला, त्यातून 'व्हर्बल ऑटोप्सी' हा शब्दप्रयोग रूढ झाल्याचे मानले जाते. बांगलादेशातील मतलब येथे १९६६ पासून गावागावांतील जन्म-मृत्यूंची नियमित नोंद ठेवली जाते. तेथेही ही पद्धत वापरली गेली.

मृत्यूनंतर काही आठवड्यांनी प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जातो आणि आईला किंवा बाळाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला ठरावीक प्रश्न विचारतो. बाळ जन्मतःच रडले का? अंगावर पीत होते का? श्वास जलद चालत होता का, छाती आत ओढली जात होती का? आचके आले होते का? जुलाबात रक्त होते का? या उत्तरांवरून डॉक्टर किंवा संगणकीय प्रणाली संभाव्य कारण ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी प्रमाणित प्रश्नावली तयार केली आहे.

भारतात महानिबंधक कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांचा संशोधकगट यांनी २००१ ते २०१४ या काळात याच पद्धतीने 'मिलियन डेथ स्टडी' हा प्रचंड अभ्यास केला. प्रत्येक घरातून आलेली माहिती दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासली. बालमृत्यूंविषयीचे त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यातील मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू तीनच कारणांनी होत होते. अपुऱ्या दिवसांचा जन्म वा कमी वजन, जंतुसंसर्ग आणि जन्माच्या वेळी श्वास गुदमरणे ही ती कारणे. एक महिना ते पाच वर्षे या वयोगटातील निम्मे मृत्यू न्यूमोनिया आणि अतिसार यांमुळे होत होते. मध्य भारतातील मुलींचा न्यूमोनियाने होणारा मृत्यू दर दक्षिण भारतातील मुलग्यांच्या पाचपट होता. मृत्यूच्या कारणात रोगाइतकीच घरातली दुय्यम वागणूकही दडलेली असते, हे या एका आकड्याने दाखवून दिले.

तरीही या पद्धतीला मर्यादा आहेत. मलेरिया, न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तातील जंतुदोष या सर्वांत ताप येतो, बाळ मलूल होते आणि श्वास वाढतो. शोकमग्न आईची स्मरणशक्ती कितीही शाबूत असली तरी जंतूचे नाव तिला सांगता येणे शक्य नाही.

मलावीने दिलेला धडा

रुग्णालयात दगावलेल्या मुलांबाबत तरी डॉक्टरांचे निदान अचूक असते का? आफ्रिकेतील मलावी देशात, ब्लँटायर शहरातील रुग्णालयात डॉ. टेरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शंका पडताळून पाहिली. मेंदूचा मलेरिया म्हणून ज्यांच्यावर उपचार झाले, अशा ३१ मृत मुलांचे त्यांनी पालकांच्या संमतीने संपूर्ण शवविच्छेदन केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ७ मुलांचा मृत्यू वेगळ्याच कारणांनी झाला होता. मलेरियाचे जंतू रक्तात होते, परंतु त्यांनी जीव घेतलेला नव्हता.

जेथे बहुतेक मुलांच्या रक्तात अधूनमधून मलेरियाचे जंतू सापडतातच, तेथे चाचणी खरी ठरूनही निदान खोटे ठरू शकते. त्या अभ्यासातून एक उपयुक्त खूणही हाती लागली. डोळ्याच्या आतील पडद्यावर विशिष्ट बदल दिसले तर मेंदूचा मलेरिया असण्याची शक्यता अधिक. मृत मुलांच्या तपासणीने जिवंत मुलांच्या खाटेजवळ वापरता येईल असे ज्ञान दिले.

सुईच्या टोकावरील पुरावा

संपूर्ण शवविच्छेदनाला मात्र पालक सहसा राजी होत नाहीत आणि गरीब देशांत त्यासाठी लागणारे तज्ज्ञही मोजकेच असतात. यावर तोडगा निघाला तो मोझांबिकमध्ये. १७५२ पर्यंत ज्याचा कारभार गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता, तोच हा देश. राजधानी मापुतोच्या उत्तरेस असलेल्या मानिसा येथे १९९६ पासून आरोग्य संशोधन केंद्र कार्यरत आहे. या केंद्राच्या आणि बार्सिलोनातील संशोधकांनी मृतदेह न उघडता, जाड सुईने फुफ्फुस, यकृत, मेंदू आदी अवयवांचे सूक्ष्म तुकडे तसेच रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी घेण्याची पद्धत विकसित केली. ५४ बालकांच्या बाबतीत तिचे निष्कर्ष संपूर्ण शवविच्छेदनाशी ताडून पाहण्यात आले. दहापैकी जवळपास नऊ वेळा रोगाचा प्रकार जुळला.

याच पायावर गेट्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने आणि अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या समन्वयाने 'चॅम्प्स' हे जाळे उभे राहिले. बांगलादेश, इथिओपिया, केनिया, माली, मोझांबिक, सिएरा लिओन आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांत त्याचे काम सुरू झाले. बालक दगावल्याची खबर मिळाली की शक्यतो २४ तासांच्या आत नमुने घेतले जातात आणि शंभराहून अधिक जंतूंसाठी तपासले जातात. त्यानंतर स्थानिक डॉक्टर, विकृतिशास्त्रज्ञ आणि जंतुतज्ज्ञ एकत्र बसून मृत्यूची साखळी मांडतात: मूळ कारण कोणते, त्यातून काय उद्भवले आणि शेवटी जीव कशाने गेला.

साखळीत काय आढळले?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एक महिना ते पाच वर्षे वयाच्या ६३२ बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास होता. दहापैकी आठांहून अधिक मृत्यूंच्या साखळीत कोठे ना कोठे जंतुसंसर्ग होता. मूळ कारणांच्या यादीत कुपोषण सर्वांत वर होते. अनेक मुलांच्या बाबतीत एकच रोग कारणीभूत नव्हता. आधी कुपोषण, मग न्यूमोनिया, मग रक्तात पसरलेला जंतुदोष असा तो उतार होता. प्रमाणपत्रावर 'न्यूमोनिया' एवढेच लिहिले तर भूक नोंदीतून निसटते. यांतील बहुसंख्य मृत्यू टाळता आले असते, असे तज्ज्ञांच्या समित्यांचे मत पडले.

दुसरा निष्कर्ष अनपेक्षित होता. 'क्लेब्सिएला न्यूमोनिए' हा जिवाणू मृत्यूंच्या साखळीत वारंवार आढळला. तो रुग्णालयांतही पसरतो, अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि त्यावर आज लस नाही. मूल वाचावे म्हणून ज्या दवाखान्यात नेले, तेथील अस्वच्छ नळी किंवा न धुतलेला हात हादेखील मृत्यूचा वाटेकरी असू शकतो, हे त्यामुळे नाकारता येईनासे झाले.

जिवंत रुग्णांवरील अभ्यासांनीही अशाच रूढ समजुतींना धक्का दिला. कोलकाता आणि मानिसा यांसह आशिया-आफ्रिकेतील सात ठिकाणी अतिसारावर झालेल्या 'जेम्स' अभ्यासाने २०१३ साली रोटाव्हायरसच्या जोडीने क्रिप्टोस्पोरिडियम या फारशा चर्चेत नसलेल्या परजीवीकडे बोट दाखवले. २०१९ सालच्या 'पर्च' अभ्यासात तीव्र न्यूमोनियाच्या रुग्णांत आरएसव्ही हा विषाणू सर्वांत मोठे कारण ठरला. झांबियाची राजधानी लुसाका येथील शवागारात झालेल्या पाहणीत असे दिसले की, या विषाणूने दगावलेल्या तान्ह्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांचा मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला होता. केवळ रुग्णालयाच्या वहीवर विसंबणाऱ्यांना ती कधीच दिसली नसती. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर मातेला देण्याच्या आरएसव्ही लसीची शिफारस केली, त्यामागे अशा पुराव्यांचे बळ होते.

संमती आणि परतफेड

या साऱ्या शोधाचा सर्वांत अवघड क्षण प्रयोगशाळेत नसतो. मूल गेल्यानंतर अवघ्या काही तासांत त्याच्या आईवडिलांकडे नमुन्यांसाठी परवानगी मागावी लागते. दफन लवकर करण्याचा धार्मिक रिवाज, देहाची विटंबना होईल ही भीती आणि परक्या संशोधकांविषयीचा संशय या सर्वांचा विचार आधी करावा लागतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी गावातील वडीलधारी मंडळी, धर्मगुरू आणि सुईणी यांच्याशी बोलणी केली जातात. नकार देण्याचा हक्क कुटुंबाला असतोच.

संमती देणाऱ्या अनेकांचे म्हणणे एकच असते: आमचे मूल का गेले, हे आम्हाला कळावे. त्यामुळे निष्कर्ष कुटुंबापर्यंत पोहोचवणे ही मेहेरबानी ठरत नाही, ती परतफेड ठरते. मृत बालकात एचआयव्ही आढळला तर आईला उपचार मिळू शकतात. जन्मजात पाठीच्या कण्याचा दोष आढळला तर पुढच्या गर्भधारणेपूर्वी फॉलिक आम्ल देता येते.

गडचिरोलीची वाट

कारण कळले की उपाय कसा घडतो, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीतील गावांत जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद सुरू केली. न्यूमोनिया हे मोठे कारण असल्याचे दिसताच गावातील कार्यकर्त्यांना तो ओळखून औषध देण्यास शिकवले गेले. पुढे नवजात बाळांचे मृत्यू उरतात हे लक्षात आल्यावर गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून घरोघरी पाठवण्यात आले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्यू दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो जवळपास होता तेथेच राहिला. २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यूंची संख्या सरकारी नोंदींपेक्षा बरीच अधिक असल्याचे मांडले आणि नोंदींच्या सचोटीचा प्रश्न विधिमंडळापर्यंत पोहोचला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी भेट देतात, त्या कार्यक्रमाची मुळे गडचिरोलीत आहेत.

२०३० पर्यंत प्रत्येक देशाने पाच वर्षांखालील मृत्यू दर हजारी २५ किंवा त्याहून कमी करावा, असे जागतिक उद्दिष्ट आहे. मोझांबिकने त्यासाठी देशभरातील निवडक वस्त्यांत मौखिक शवपरीक्षेची व्यवस्था उभारली आणि सुईने घेतलेल्या नमुन्यांच्या आधारे तिच्या उत्तरांतील चुका दुरुस्त करण्याचा मार्ग स्वीकारला. थोड्या मृत्यूंची सखोल तपासणी आणि पुष्कळ मृत्यूंची साधी विचारपूस यांची ही सांगड गरीब देशांना परवडणारी आहे. नोंद नेमकी असेल, तिचा अर्थ गावातील आरोग्य कार्यकर्त्यापर्यंत पोहोचला असेल आणि तिच्या पिशवीत योग्य औषध असेल, तर त्याच घरात जन्मणारे पुढचे मूल वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.