जामखेडच्या बायांनी ओळखलेला ताप

बाळ किरकिरायला लागलं की आईचा हात आधी कपाळावर जातो, मग मानेवर, पोटावर. हात अंग तापलंय एवढं सांगतो. पुढे काय करायचं ते सांगत नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी जामखेड तालुक्यात त्यापुढची वाट बहुधा देवऋषाच्या अंगाऱ्याकडे जायची. दृष्ट काढायची, तापलेल्या अंगावर आणखी दुपटी चढवायची. पुरळ उठलं तर देवीचा कोप, मग औषध दूरच.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघं वेल्लोरला शिकलेले. रजनीकांत तर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलेच. तेव्हा तिथे जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवल्या.

जमलं नाही. बाहेरून आलेल्या पोरीचं सासवा कशाला ऐकतील?

मग गावानेच आपल्यातली एक बाई या कामासाठी निवडायची असं ठरलं. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित समाजातल्या होत्या. दर आठवड्याला जामखेडला जायचं, एकत्र जेवायचं, शिकायचं आणि परत येऊन शेजारणींना सांगायचं. तापाचं निम्मं काम औषधाचं नसून नजरेचं असतं: बाळ दूध ओढतंय का, हाक मारली की बघतंय का, श्वासागणिक छाती आत जातेय का. ते दोन घरं पलीकडे राहणारीला दिसतं. शिवाय कालपर्यंत स्वतः देवीचा कोप मानणारी बाई ‘हा गोवर आहे गं’ म्हणाली, तर ते पटतं.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पंचवीस वर्षांत इथला अर्भकमृत्यूदर हजारी तीसच्या खाली आला. अर्थात लसी, विहिरीचं पाणी, बायांचं पोटभर जेवण हेही त्यात आलंच.

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर सुईणींच्या हाती मण्यांचं साधन दिलं: मिनिटभराची वाळू सरेपर्यंत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि श्वासाच्या वेगावरून न्यूमोनिया ओळखायचा.

२००५ पासून ‘आशा’ स्वयंसेविका आल्या. त्यांच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर असतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत तो ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त दाखवू लागला, किंवा उलट बाळाचं अंग गार पडून त्याने दूध सोडलं, तर घरी औषध पाजत बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.