नाणेघाटाची हिवाळी वाट

पौषात नाणेघाट चढायचा तर मी वैशाखऱ्याहून तांबडं फुटताच निघतो. चढ पश्चिम अंगाचा, त्यामुळे सकाळभर डोंगराचीच सावली. वरच्या खिंडीतला वारा मात्र कानशिलं गोठवतो. पावसाळ्यातलं शेवाळ गेलेलं असतं, पण वाळक्या गवतावरून पाय सटकतो तो सटकतोच.

सातवाहनकाळी सोपारा-कल्याणचा माल याच वाटेनं जुन्नरला जाई. लादलेली जनावरं भर पावसात कोण चढवणार? तांडे दिवाळीनंतरच निघत असावेत, असं मला वाटतं. माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा: यज्ञांची यादी, दक्षिणेला गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि सगळ्यांचे आकडेसुद्धा! बाहेरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायचा, असं सांगतात. फोटोसाठी गर्दी तिथेच.

मला कौतुक टाक्यांचं. खडकात खोदलेलं एक टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासानं दान दिल्याचा लेख घाटात आहे. राणीनं घोडे दिले ते पुरोहितांना; या सोपारकराचं पाणी मात्र घाट चढून आलेल्या कुणालाही होतं, बैलांनासुद्धा.