बुसांगचे सोने आणि न राखलेला दगड

खनिजाचा शोध घेणाऱ्या छोट्या कंपनीकडे विकायला सोने नसते की तांबे नसते. तिच्याकडे असते ते प्रसिद्धिपत्रक. अमुक भोकात इतक्या मीटरवर टनामागे इतके ग्रॅम सोने लागले, या एका ओळीवर शेअरचा भाव हलतो आणि त्या भावाच्या बळावर पुढच्या ड्रिलिंगचा पैसा उभा राहतो.

ती ओळ खरी की खोटी, हे तपासता यावे म्हणून या धंद्यात एक जुनी शिस्त आहे. जमिनीतून काढलेला दगडाचा दांडा, म्हणजे कोअर, करवतीने उभा चिरायचा. अर्धा प्रयोगशाळेत कस काढायला पाठवायचा, उरलेला अर्धा क्रमांक घालून पेटीत जपून ठेवायचा. ज्याला शंका येईल त्याने पेटी उघडावी आणि राखलेल्या अर्ध्यातून पुन्हा कस काढावा.

कॅनडातील कॅलगरीच्या ब्रे-एक्स मिनरल्सने इंडोनेशियातील पूर्व कालिमंतानच्या जंगलात, बुसांगला, हा अर्धा भाग राखलाच नाही. जवळजवळ सगळा कोअर भरडून परीक्षणाला जाई. कारण तयार होते: इथले सोने दगडात विखुरलेले आहे, त्यामुळे नमुना मोठा घेतला तरच खरा आकडा कळतो. कारण ऐकायला पटण्यासारखे होते. त्यापायी फेरतपासणीची वाट बंद होते, हे फार थोड्यांनी मोठ्याने बोलून दाखवले.

डेव्हिड वॉल्श यांची ही कंपनी १९९३ मध्ये बुसांगला पोचली तेव्हा तिच्या शेअरला फारसे मोल नव्हते. जॉन फेल्डरहॉफ शोधकामाचे प्रमुख होते, मायकल द गुझमान जागेवरचे भूवैज्ञानिक. पत्रकामागून पत्रक निघाले, सोन्याचा अंदाज दर वेळी फुगला. १९९६ मध्ये शेअर २८० कॅनेडियन डॉलरच्याही वर गेला आणि कंपनीची बाजारातली किंमत सुमारे ६ अब्ज डॉलरवर पोचली. फेब्रुवारी १९९७ मधला अंदाज ७ कोटी १० लाख औंसांचा होता, म्हणजे २,२०० टन सोने. ओंटारियोतील शिक्षकांच्या पेन्शन फंडाचा पैसाही त्यात होता.

मग तपासले कोणी? इथेच हा इतिहास बोचतो. नावाजलेल्या अभियांत्रिकी सल्लागारांनी साठ्याचे गणित मांडले, पण ब्रे-एक्सने दिलेल्या आकड्यांवर. प्रयोगशाळेने कस काढला, पण तिच्यापर्यंत आलेल्या भुकटीचा. शेअर दलालांच्या विश्लेषकांनी सल्लागारांचा अहवाल वाचला, आणि गुंतवणूकदारांनी विश्लेषकांचा. प्रत्येकाने आपल्यापुरते काम केले. कोअर जमिनीतून निघाल्यापासून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत कोणाच्या हातात होता, हा प्रश्न मात्र कोणाच्याच वाट्याचा नव्हता. भुकटीतले सोन्याचे कण कडा झिजलेले, गोलसर होते. नदीच्या वाळूत घासले गेलेले सोने असे दिसते. कठीण खडकातून नुकतेच निघालेले सहसा तसे दिसत नाही. खूण डोळ्यांसमोर होती. तिचा अर्थ वेळेवर लावला गेला असता तर हजारो कुटुंबांची पुंजी वाचली असती.

शेवटी तपासणी केली ती ज्याला स्वतःचा पैसा घालायचा होता त्याने. इंडोनेशिया सरकारच्या दबावाखाली झालेल्या बुसांगच्या वाटणीत फ्रीपोर्ट-मॅकमोरान या मोठ्या खाण कंपनीला १५ टक्के वाटा मिळणार होता. तिने ब्रे-एक्सच्या भोकांशेजारी स्वतःची भोके पाडली. १९ मार्च १९९७ रोजी द गुझमान बुसांगकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरमधून खाली पडून मृत्यू पावले. २६ मार्चला फ्रीपोर्टने जाहीर केले की सोने नगण्य आहे, आणि भाव कोसळला. मे महिन्यात स्ट्रॅथकोना मिनरल सर्व्हिसेस या स्वतंत्र सल्लागार संस्थेच्या अहवालाने संशय उरू दिला नाही: भुकटीत बाहेरचे सोने मिसळलेले होते, आणि खाणउद्योगाच्या इतिहासात इतकी मोठी फसवणूक नोंदलेली नव्हती.

असा धक्का ऑस्ट्रेलियाने आधी सोसला होता. पोसायडन या निकेल कंपनीचा शेअर काही महिन्यांत एका डॉलरच्याही आतून २८० डॉलरपर्यंत चढला आणि १९७० मध्ये घसरला. तिथल्या खाणव्यवसायाने त्यानंतर साठ्यांची माहिती देण्याचे नियम घडवायला घेतले आणि १९८९ मध्ये त्यांची संहिता झाली. कॅनडाला तसा धडा बुसांगने दिला.

१ फेब्रुवारी २००१ पासून तिथे एनआय ४३-१०१ हा नियम लागू झाला. तांत्रिक माहितीमागे पात्र व्यक्ती उभी हवी: व्यावसायिक संस्थेची सदस्य आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेली अभियंता किंवा भूवैज्ञानिक. तिचे नाव पत्रकात छापले जाते. आकडे तिने कसे पडताळले आणि नमुने कोणत्या प्रयोगशाळेत गेले, हेही सांगावे लागते. केवळ अनुमानावर मांडलेला साठा पक्क्या साठ्यात मिसळून एकच बेरीज दाखवता येत नाही. हे शेवटचे कलम सर्वात मोलाचे, कारण छोट्या गुंतवणूकदाराला भुलवते ती अशी बेरीजच.

बुसांगच्या प्रकरणात फौजदारी शिक्षा कोणालाही झाली नाही. वॉल्श १९९८ मध्ये वारले. फेल्डरहॉफ यांच्यावर ओंटारियोच्या रोखे नियामकाने आतल्या माहितीवर शेअर विकल्याचे आणि दिशाभूल करणारी पत्रके काढल्याचे आरोप ठेवले होते; २००७ मध्ये न्यायालयाने त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. भुकटीत सोने नेमके कोणकोणाच्या हातून गेले, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही.