स्कारबरोची टनी-मृगया : समुद्राच्या इतिहासाचे एक साधन

भूमीच्या इतिहासाला सनदा, बखरी, जमाखर्चाच्या वह्या व शिलालेख यांचे साहाय्य मिळते. समुद्राच्या इतिहासकाराला हे भाग्य क्वचितच लाभते. जलचर प्राणी मनुष्याच्या जाळ्यात वा गळात सापडल्याखेरीज कागदावर येत नाहीत, आणि कागदावर आले तरी मनुष्याला ज्याची गरज वा हौस होती तेवढेच येतात. अशा स्थितीत एखाद्या किनाऱ्यावरील हौशी लोकांनी आपल्या पराक्रमाच्या अभिमानापोटी ठेवलेली माशांच्या वजनांची नोंदसुद्धा अभ्यासकाला मोलाची वाटू लागते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्कारबरो येथे 1930 ते 1954 या काळात भरभराटीस आलेली टनी माशाची शिकार हे याचे एक लक्षणीय उदाहरण होय. या नोंदीवरून समुद्राविषयी काय अनुमान काढता येते आणि काय काढता येत नाही, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

यॉर्कशायर परगण्यातील स्कारबरो हे विलायतेतील अत्यंत जुन्या विहारस्थानांपैकी एक आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील समुद्रतटावर खनिजयुक्त पाण्याचा झरा आढळला आणि आरोग्यलाभासाठी श्रीमंत लोकांची तेथे ये-जा सुरू झाली. पुढील शतकात समुद्रस्नानाची प्रथा रूढ झाली. 1735 च्या सुमाराच्या एका चित्रात स्नानार्थींना पाण्यापर्यंत नेणारी चाकांची खोली येथील वाळूवर दिसते. 1845 मध्ये यॉर्कहून आगगाडी आली व पाहुण्यांचा वर्ग विस्तारला. 1867 मध्ये ग्रँड हॉटेलची प्रचंड इमारत उभी राहिली. परंतु हे गाव केवळ पाहुण्यांचे नव्हते. त्याच बंदरात मच्छीमारांची वस्ती होती. ‘कोबल’ नावाच्या त्यांच्या होड्या वाळूवर ओढून घेता येतील अशा घडणीच्या असत. उन्हाळा व शरदऋतू यांत हेरिंग माशाच्या मागावर मोठी गलबते या समुद्रात जमत. हेरिंग हा आपल्याकडील तारलीशी नाते सांगणारा, थव्यांनी फिरणारा लहान मासा आहे. विहार आणि उपजीविका अशी दोन जगे एकाच धक्क्यावर नांदत होती, आणि टनीच्या शिकारीचा उगम या दोहोंच्या संगमातच झाला.

टनी म्हणजे निळ्या परांचा मोठा ट्यूना. आपल्याकडील बांगडा, सुरमई व कुपा हे मासे ज्या कुलात मोडतात, त्याच कुलातील हा महाकाय सदस्य होय. बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याएवढेच राहते. टनी मात्र आपल्या स्नायूंची उष्णता राखून ठेवतो. त्यामुळे भूमध्य समुद्रात अंडी घालणारा हा मासा अन्नाच्या शोधार्थ उत्तरेच्या थंड पाण्यातही संचार करू शकतो. उत्तर समुद्रात त्याला ओढून आणणारे मुख्य भक्ष्य म्हणजे हेरिंग. गलबतांवर जाळी ओढली जात असता त्यांतून निसटलेले हेरिंग टिपण्यासाठी टनी जाळ्यांभोवती गोळा होत. मच्छीमारांना हे दृश्य परिचित होते. पण त्यांच्या दृष्टीने टनी हा जाळी फाडणारा उपद्रवी प्राणी होता. त्याला बाजार नव्हता, म्हणून त्याची नोंदही नव्हती.

या उपद्रवाला प्रतिष्ठा दिली ती हौशी शिकाऱ्यांनी. 27 ऑगस्ट 1930 रोजी एल. मिचेल-हेन्री यांनी स्कारबरोच्या बाहेरील समुद्रात 560 पौंडांचा, म्हणजे सुमारे 254 किलोग्रॅमचा, टनी गळाने पकडला. ही वार्ता पसरताच धनिकांच्या नौका या बंदराकडे वळल्या. 1932 मध्ये कर्नल ई. टी. पील यांनी 798 पौंडांचा मासा मिळवला. 1933 मध्ये ब्रिटिश टनी क्लब स्थापन होऊन त्याचे ठाणे स्कारबरोत पडले. त्याच वर्षी 11 सप्टेंबर रोजी मिचेल-हेन्री यांनी व्हिट्बीच्या बाहेर 851 पौंडांचा, म्हणजे सुमारे 386 किलोग्रॅमचा, टनी पकडला. ब्रिटनमध्ये गळाने पकडलेल्या टनीचा हा उच्चांक आजही कायम आहे. तो इतका दीर्घकाळ कायम का राहिला, याचा विचार पुढे करू.

शिकारीची पद्धत ध्यानात घेतल्याखेरीज नोंदीचे स्वरूप कळत नाही. शिकारी आपल्या मोठ्या नौकेतून, कधी किनाऱ्यापासून पन्नास मैलांपर्यंत जाऊन, हेरिंगच्या गलबतांचा ताफा गाठीत. तेथे ते एका लहान वल्ह्याच्या होडीत उतरत आणि गळाला हेरिंग लावून जाळ्यांच्या आसपास सोडीत. मासा लागला म्हणजे तो त्या होडीलाच दूरवर फरफटत नेई, आणि शिकारी व मासा यांची झुंज कित्येकदा तासन्‌तास चाले. शेवटी मासा धक्क्यावर आणून टांगला जाई, त्याचे वजन होई, आणि हवापालटासाठी आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीसमोर छायाचित्र घेतले जाई. म्हणजे टनी कोठे शोधावा हे शिकाऱ्याला मच्छीमारांच्या जाळ्यांवरून कळे, आमिषही त्यांच्याच माशाचे असे. नोंदीत मात्र नाव येई ते केवळ गळ धरणाऱ्याचे. होडी वल्हवणारा मनुष्य व गलबतावरील खलाशी त्या नोंदीबाहेरच राहिले.

आता या नोंदीकडे साधन म्हणून पाहू. तिचा आरंभ 1930 मध्ये होतो, युद्धकाळात ती खंडित होते, आणि 1954 नंतर ती थांबते. वरवर पाहणाऱ्याला यातून एक सुबोध कथा दिसेल : 1930 च्या सुमारास टनी आला व 1954 नंतर तो गेला. परंतु या तीनही टप्प्यांची पृथक् छाननी केली पाहिजे.

पहिला टप्पा माशाच्या आगमनाचा नव्हे, शिकाऱ्याच्या आगमनाचा आहे. ब्रायन मॅकेन्झी व रॅन्सम मायर्स यांनी 2007 मध्ये उत्तर युरोपातील टनीच्या मासेमारीचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इतिहास प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धापूर्वीही हा मासा त्या पाण्यात आढळत असे, परंतु त्याला पकडण्याची साधने अपुरी असल्यामुळे पकड नगण्य होती, असे त्यावरून दिसते. स्कारबरोच्या मच्छीमारांचा अनुभव याला पूरकच आहे. दुसऱ्या टप्प्याविषयी तर शंकेला जागाच नाही. 1939 ते 1945 या वर्षांत पूर्व किनाऱ्याच्या समुद्रात सुरुंग पेरलेले होते, मच्छीमारीची अनेक गलबते आरमाराने ताब्यात घेतली होती आणि विहारनौकांना समुद्र बंद होता. नोंदीतील हे मौन माशाचे नसून मनुष्याचे आहे.

खरा वाद तिसऱ्या टप्प्याचा आहे. हेरिंगची अतोनात मासेमारी झाली, भक्ष्य संपले, म्हणून टनी निघून गेला, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. त्यात तथ्यांश आहे. पण कालक्रम त्याला पूर्णपणे अनुकूल नाही. उत्तर समुद्रातील एकूण हेरिंगचा ऱ्हास विशेषतः 1960 नंतर, यांत्रिक घेर-जाळ्यांचा प्रसार झाल्यावर, वेगाने घडला आणि मासेमारी बंद करण्याची पाळी 1977 मध्ये आली. दक्षिणेकडील हेरिंगचा एक समुदाय मात्र 1955 च्या आसपासच खालावला होता. दुसरे असे की, युद्धोत्तर काळात नॉर्वेच्या मच्छीमारांनी घेर-जाळ्यांनी टनीचीच मोठ्या प्रमाणावर पकड केली, आणि तीही 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोसळली. म्हणजे स्कारबरोत शिकार थांबली तेव्हा त्याच समुद्राच्या दुसऱ्या काठावर टनी अजून मिळत होता. भक्ष्याची घट, टनीचा स्वतःचा संहार आणि पाण्याच्या तापमानातील फेरफार या कारणांपैकी कोणाला किती भार द्यावा याविषयी मतभेद आहेत. त्यांत एक चौथे कारणही जमेस धरले पाहिजे. महायुद्धानंतर खाजगी विहारनौका बाळगणारा वर्ग झपाट्याने आकुंचित झाला. मासा विरळ होत असता त्याला शोधणारेही विरळ होत होते. अशा वेळी पकड शून्यावर आली म्हणजे मासाही शून्यावर आला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

यावरून ही नोंद निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. नसण्याविषयी तिची साक्ष दुबळी असली तरी असण्याविषयी ती बलवत्तर आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत, किती मोठा मासा त्या पाण्यात होता, हे ती निःसंशय सांगते. हौसेचे शास्त्राशी सख्यही तेव्हाच जुळले होते. 1933 च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या प्रयोगशाळेतील सागरी जीवशास्त्रज्ञ एफ. एस. रसेल यांनी कर्नल पील यांच्या ‘सेंट जॉर्ज’ नौकेवरून टनीविषयक निरीक्षणे केली व ती पुढील वर्षी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मिचेल-हेन्री यांचाही टनीच्या शिकारीवरील ग्रंथ निघाला.

नोंदीतील अंकसुद्धा किती मानवी असतात याचे एक बोलके उदाहरण 1949 सालचे आहे. जॉन हेडली लुइस यांनी 852 पौंडांचा, म्हणजे उच्चांकाहून एक पौंड अधिक वजनाचा, टनी धक्क्यावर आणला. तथापि वजन करताना वापरलेला दोर ओला होता, असा आक्षेप खुद्द मिचेल-हेन्री यांनी घेतला आणि नवा उच्चांक मान्य झाला नाही. एवढ्या प्रचंड प्राण्याच्या बाबतीत निर्णय दोरातल्या पाण्यावर झाला.

2010 नंतरच्या दशकात टनी पुन्हा ब्रिटिश बेटांच्या भोवती, विशेषतः नैर्ऋत्येकडील पाण्यात, नियमितपणे दिसू लागला. 2021 मध्ये इंग्लंडमध्ये मासा पकडून, त्याला खूण लावून सोडून देण्याचा शास्त्रीय उपक्रम सुरू झाला, आणि 2024 पासून परवानाधारक हौशी शिकाऱ्यांना या माशाच्या मागावर जाण्याची मुभा मिळाली. अट ही की, मासा पाण्याबाहेर न काढता जिवंत सोडला पाहिजे. जो मासा पाण्याबाहेर काढावयाचा नाही, तो ताजव्यावर टांगता येत नाही. म्हणून 1933 चा उच्चांक आज मोडणे अशक्यप्राय झाले आहे. एखादा भावी अभ्यासक केवळ उच्चांकांची यादी पाहील, तर त्याला वाटेल की 1933 नंतर त्या समुद्रात एवढा मोठा मासा कधी आलाच नाही.

त्याची ही चूक आणि 1930 मध्ये टनी ‘आला’ असे मानणाऱ्याची चूक एकाच जातीची आहे. पकडीची प्रत्येक नोंद ही एका बाजूने माशाची व दुसऱ्या बाजूने पकडणाऱ्याची नोंद असते. कायदा, युद्ध, बाजार, नौकेचा खर्च आणि ओला दोर हे सर्व तिच्या अंकांत मिसळलेले असतात. आज समुद्रात मासे किती असावेत, पूर्वी किती होते, याविषयीची धोरणे अशाच जुन्या आकड्यांच्या आधारे ठरविली जातात. म्हणून ते आकडे कोणी, कोणत्या होडीतून व कशासाठी मिळविले हे प्रथम विचारणे, हे या बाबतीत इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.