स्थितांबरी वायुकलिलांचे उपग्रहीय मापन : पांढुर्णा–सौंसर परिसर

स्थितांबरातील सूक्ष्म कणांची व थेंबांची (वायुकलिलांची) उंची, दाटी आणि आकारमान उपग्रहावरील उपकरणांनी ठरविणे. पांढुर्णा व सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुके (२०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात, नंतर पांढुर्णा जिल्ह्यात) सु. २१.६° उ. अक्षांशावर आहेत. तेथे स्थितांबराचा तळ सु. १७ किमी. उंचीवर असतो.

आच्छादन पद्धती : सर्वांत विश्वसनीय. उपग्रहावरून सूर्य उगवताना व मावळताना त्याचा प्रकाश वातावरणाच्या थरांतून किती क्षीण होतो, हे पाहतात. मोजणीआधी वा नंतर तोच सूर्य वातावरणाबाहेर दिसत असल्याने उपकरण आपोआप पडताळले जाते. ‘सेज–२’ या उपकरणाने (१९८४–२००५) ३८६ ते १,०२० नॅनोमीटर दरम्यानच्या चार तरंगलांब्यांवर मोजमाप केले; तरंगलांबीनुसार पडणाऱ्या फरकावरून कणांचा आकार अनुमानतात. कण स्वतः कोणीच मोजत नाही, मोजला जातो तो प्रकाश. उणीव दोन प्रकारची. दिवसाला सगळ्या पृथ्वीवर मिळून सु. ३० नोंदी होतात. शिवाय १ किमी. जाडीच्या थरातून तिरप्या किरणाची वाट २०० किमी.हून लांब असते. त्यामुळे पांढुर्ण्यावरचा म्हणून मिळालेल्या आकड्यात, किरणाच्या दिशेप्रमाणे, नागपूर किंवा बैतूलवरची हवाही मिसळलेली असते. तालुक्यापुरता आकडा या पद्धतीकडे मागू नये. जून १९९१ मधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर खालचे थर इतके अपारदर्शक झाले, की उष्ण कटिबंधात काही काळ नोंदीच तुटल्या.

कडेचा विकीर्ण प्रकाश : ओडिन (२००१) व सुओमी एनपीपी (२०११) या उपग्रहांवरील उपकरणे वातावरणाच्या कडेकडून विखुरलेला सूर्यप्रकाश पाहतात. नोंदी पुष्कळ, गृहीतके अधिक.

लेसर पद्धती : कॅलिप्सो उपग्रहाने (२००६–२३) ५३२ व १,०६४ नॅनोमीटरचे स्पंद खाली सोडून परतणारा प्रकाश टिपला. ध्रुवीकरणावरून गोल थेंब आणि राख वा हिमकण वेगळे ओळखता येतात. दाटी काढण्यासाठी मात्र प्रकाशाचे क्षीणन व पश्चविकीर्णन यांचे गुणोत्तर (गंधकाम्लाच्या थेंबांसाठी सु. ५०) गृहीत धरावे लागते.

मान्सूनी थर : कॅलिप्सोच्या नोंदींवरून व्हर्निए व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जून–सप्टेंबरातील, सु. १३ ते १८ किमी. उंचीचा वायुकलिलांचा आशियाई थर दाखवून दिला. प्रस्तुत परिसर त्याच्या दक्षिण भागात येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत गोटमार (दगडफेकीची जत्रा) चालते तेव्हा हा थर वर असतो. तो डोळ्यांना दिसण्याइतका दाट मात्र नसतो. काटेकोरपणे तो सगळा स्थितांबरी नव्हे. १९९८ पूर्वी तो नव्हता, असे सेज–२च्या नोंदींवरून मानण्यात आले आहे. पण पिनाटुबोच्या अवशेषांनी तो झाकला असण्याची शक्यता उरते. या थरात नायट्रेटाचे अस्तित्व आढळले आहे, गंधकाच्या वाट्याबाबत एकमत नाही. पुढे इस्रो व नासा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून फुगे सोडून पडताळणी केली.

जमिनीवरून : उपग्रहांखेरीज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत संधिप्रकाशावरून वायुकलिलांचे मापन झाले.

सद्यःस्थिती : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सेज–३ (२०१७ पासून). मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहाचा लेसर ३५५ नॅनोमीटरचा असल्याने त्याचे आकडे कॅलिप्सोच्या मालिकेला थेट जोडता येत नाहीत.