बेघर, परागंदा, उपरी

‘बेघर’ हा जोडशब्द आहे. ‘बे’ हा फारसी उपसर्ग, तर ‘घर’ संस्कृत ‘गृह’पासून प्राकृताच्या वाटेने आलेले. ‘बेइमान’, ‘बेलगाम’ असे शब्द फारसीतून आयतेच आले; त्यांची सवय झाल्यावर तोच उपसर्ग देशी शब्दांना लागला आणि ‘बेसूर’, ‘बेघर’ रूढ झाले. संस्कृतात याच अर्थाचा ‘अनिकेत’ आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताच्या लक्षणांत येतो, म्हणजे तिथे घर नसणे हा गुण ठरतो. महाराष्ट्रात हे मुलाचे आवडते नाव आहे. नव्या फ्लॅटच्या दारावर त्या नावाची पाटी लावताना कोणी अडखळत नाही.

जुन्या मराठी गावगाड्यात माणसाचे स्थान छपरावरून ठरत नसे. गाव म्हणजे काळी आणि पांढरी; काळी कसायची, पांढरी वस्तीची. जमिनीवर ज्याचा वंशपरंपरेचा हक्क तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. उपरी गावात राही, झोपडे बांधी, सारा भरी; पण जमीन त्याच्याकडे कौलाने, म्हणजे कराराने असे आणि गावच्या मानपानात त्याला मिरासदाराची जागा नसे. मिरासदाराचे उलट होते. दुष्काळाने किंवा साऱ्याच्या ओझ्याने तो गाव सोडून गेला, मागे घर पडून भिंतींची माती झाली, तरी त्याची मिरास लगेच बुडत नसे. कित्येक वर्षांनी तो परतला आणि थकलेली बाकी चुकती केली, की आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके. अशा गाव सोडून गेलेल्या माणसाला ‘परागंदा’ म्हणत. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. छप्पर असलेला उपरी आणि छप्पर गेलेला परागंदा मिरासदार, या दोघांपैकी जास्त निराधार कोण, हे ‘बेघर’ या शब्दाने सांगता येत नाही. उपरीच्याच कुळातला ‘उपरा’ हा शब्द लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला दिला. त्यातल्या कैकाडी या भटक्या जमातीच्या कुटुंबाचे दुःख पावसात भिजण्यापुरते नव्हते. कुठल्याच गावाचे नसणे हे ते दुःख होते.

भटक्या जमातींचे घर म्हणजे पाल. संसार गाढवावर लादायचा, गावाबाहेर पाल ठोकायचे, काम संपले की उठायचे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण स्थिर लोकांची आहे, आणि तिच्यात थोडा संशयही आहे. इंग्रजी राज्याने त्या संशयाचा कायदा केला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. ठरावीक ठिकाणी हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायची बंदी, आणि अनेकांना कुंपणाच्या आतली वसाहत. सोलापुरात अशा वसाहतीच्या जागेला आजही ‘सेटलमेंट’च म्हणतात. डोक्यावर सरकारी छप्पर देऊन माणसाला कैदी करण्याचा हा प्रकार १९५२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत चालला. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने तर उदरनिर्वाहाचे साधन दिसत नसताना भटकणे हेसुद्धा भीक मागण्याच्या व्याख्येत घातले.

बोलीत छप्पर आणि माणूस यांची सरमिसळ आहे. कर्ता पुरुष गेला की ‘संसार उघड्यावर पडला’ म्हणतात, मग घर चौसोपी का असेना. वडील गेले की ‘छत्र हरपले’.

विसाव्या शतकात नवे शब्द आले आणि त्यांनी घर का गेले ते सांगितले. फाळणीनंतर सिंधमधून आलेले ‘निर्वासित’ कल्याण कॅम्पात उतरले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली ते ‘धरणग्रस्त’. शब्दात कारण असले की भरपाई कोणाकडे मागायची हेही कळते. ‘बेघर’मध्ये कारण नाही, त्यामुळे देणेकरीही नाही.

जनगणनेने या शब्दाला मोजमाप दिले. इमारतीत न राहता रस्त्याकडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारे कुटुंब ते बेघर. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री अशा लोकांची गणती झाली आणि देशाचा आकडा १७ लाख ७० हजारांच्या वर गेला. एका रात्रीत केलेल्या गणतीतून झोपण्याची जागा रोज बदलणारा माणूस निसटणे सोपे असते, हे आकडा वाचताना विसरू नये.

मुंबईत १९८१ च्या पावसाळ्यात पदपथावरील झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याच्या १९८५ च्या निकालात न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे मान्य केले. माणसे पदपथावर राहत होती ती काम जवळ होते म्हणून. पदपथ अडवण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. झोपड्या हटवणे पावसाळा सरेपर्यंत पुढे ढकलले.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरातील बेघरांसाठी निवारा केंद्रे आली. लाखभर वस्तीमागे किमान १०० माणसांची सोय आणि माणशी साधारण ५० चौरस फूट जागा असे त्या अभियानाचे प्रमाण होते. ‘निवारा’ हा शब्द ‘निवारण’शी नाते सांगतो: ऊन, वारा, पाऊस अडवतो तो. त्यात घराचे वचन नाही, आणि सरकारी योजनेने निदान शब्द तरी चोख निवडला आहे.

खेड्यांत भूमिहीनांना घरासाठी जागा देण्याचे काम १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमाने वाढवले. अशा जागांवर उठलेल्या वस्त्यांना लोक ‘बेघर वसाहत’ किंवा ‘बेघर वस्ती’ म्हणू लागले. पुढे तिथे विटांच्या भिंती आल्या, स्लॅब पडले, दारात मोटारसायकली उभ्या राहिल्या. पत्त्यात अजून ‘बेघर वसाहत’च लिहिले जाते आणि पोस्टमन पत्र बरोबर त्या दारात टाकतो.