सामान्यांची मांडणी

कंधारात बसून ऐरोली-पनवेलच्या डेटा सेंटरांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या बँकेचा हिशेब आणि मोबाइलवरील निरोप अशाच ठिकाणांतून फिरतात. तेथे हजारो संगणक अहोरात्र एकमेकांशी बोलत असतात. त्यांना परवडेल अशा खर्चात जोडावे कसे, हा प्रश्न टेलिफोनइतकाच जुना आहे. आम्ही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांवर. हा इतिहास वाचताना आम्हांस संघटनेचाच इतिहास वाचल्यासारखे वाटले.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले. त्या काळी जोडणी माणसे हातांनी करीत. पुढे यंत्रे आली. सर्व जोडबिंदू एकाच फलकावर मांडले, तर येणाऱ्या १० हजार आणि जाणाऱ्या १० हजार तारांस १० कोटी बिंदू लागतात. १९५३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चार्ल्स क्लॉस यांनी लहान लहान फलक तीन रांगांत मांडण्याची रीत सांगितली. तीत तेच काम ५९ लाख ७० हजार बिंदूंत होते आणि कोणाचाही मार्ग अडत नाही.

पुढे संगणकांच्या जोडणीत मात्र उतरंड आली. खाली स्वस्त स्विच, वर मोठे आणि महागडे. सारा भार वर जाई आणि तेथेच कोंडी होई. २००८ साली अल-फारेस, लुकिसास व वहदात या कॅलिफोर्नियातील संशोधकांनी क्लॉस यांची मांडणी पुढे आणली. ४८ तोंडांचे एकसारखे साधे २,८८० स्विच घेतले, की २७,६४८ संगणक जोडता येतात. दूरच्या दोन संगणकांमध्ये ५७६ आखूड वाटा मिळतात. वरचा एखादा स्विच निकामी झाला, तरी काम थांबत नाही.

एका बलदंड पुढाऱ्यावर विसंबलेली युनियन त्याच्याबरोबर बसते, हे आम्ही पाहिले आहे. परंतु नुसते पुष्कळ जण असूनही भागत नाही. या जाळ्यातही भार सर्व वाटांवर सारखा वाटावा लागतो. एकाच वाटेवर सारे लोटले, तर बाकीच्या रिकाम्या राहून कोंडी होतेच.

एक प्रश्न तेवढा गणिताने सुटत नाही. हातांनी तारा जोडणाऱ्यांचे काम यंत्राने घेतले. आज हजारो केबली ओढणारे हात वेगळे आहेत. मांडणीतून झालेली बचत त्या हातांपर्यंत किती पोहोचते? भार वाटण्याची रीत माणसाला सापडली आहे; लाभ वाटण्याची रीत आपणांस घडवावयाची आहे.